सातवी एफमध्ये सरांना लागलेली झोप

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, ओमानच्या सल्तनतीत, सीबमधल्या एका भारतीय शाळेत, एका सुविद्य, विवाहित, पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांना भर वर्गात, शेवटच्या बाकावर, सकाळच्या तिसऱ्या तासाला गाढ झोप लागली. कृपया हसू नये. ह्या झोपेमुळे एका बाईचा संसार वाचला. त्या वेळी मी शेजारच्या वर्गात बेडकाचं हृदय फळ्यावर काढत होते, आणि भिंतीपलीकडून आलेली आरोळी मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. "मला झोप लागली! मला झोप लागली!" अशी. एखाद्याला लॉटरी लागल्यावरही इतका आनंद होत नसेल.

हे गृहस्थ आमचे सर. अकरावी-बारावीला गणित शिकवत, आणि त्यातही संख्याशास्त्र आलं की त्यांचा चेहरा लग्नघरातल्या मुलीच्या बापासारखा व्हायचा, घामेजलेला आणि कृतार्थ. मूळचे सांगलीकडचे. वीस वर्षं तिकडे एका शेती संशोधन केंद्रावर ज्वारी आणि भुईमुगाच्या वाफ्यांची आकडेमोड करत होते. वहिनी नर्स. त्यांना मस्कतमध्ये नोकरी लागली म्हणून सर मागोमाग आले, आणि वाफे नाहीत तर नाहीत, मुलं तरी आहेत, म्हणून शाळेत शिरले. पण जीभ वाफ्यांचीच राहिली. वर्गाला ते वाफा म्हणत. "आठवी बीचा वाफा यंदा बरा आलाय, बाई," असं मला म्हणत, तेव्हा मुलांना खत घातलंय की काय असं वाटायचं.

सरांच्या खिशात एक फासा असे. साधा, सापशिडीतला. आयुष्यात ज्या निवडीला कारण नाही तिला कारण चिकटवू नये, असं त्यांचं मत होतं. सीबच्या सूकमध्ये भाजी घ्यायला गेले की फासा टाकत. एक पडलं तर भेंडी, दोन पडलं तर वांगी, असं. दुकानदार आधी घाबरायचा, मग स्वतःच विचारायला लागला, "उस्ताद, आज क्या गिरा?" सलग चार दिवस दुधी पडला तेव्हा वहिनींनी फासा फ्रीजरमध्ये टाकला. सर शांतपणे म्हणाले की, सलग चार दुधी येणं ही अजिबात विशेष गोष्ट नाही. वहिनी मला म्हणाल्या, "ह्यांनी मला बघायला आल्यावर काय केलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. उत्तर सहन होणार नाही."

सरांसमोर "आज फार उकडतंय" असं सहज म्हणायची सोय नव्हती. लगेच, "कशाच्या मानाने?" स्टाफरूममध्ये कोणी "सगळी मुलं म्हणतात" असं म्हणालं की ते पेन काढून विचारत, "किती जणांना विचारलंत, आणि कसे निवडलेत?" आम्ही हळूहळू सगळी मुलं म्हणणं सोडून दिलं. "दोन मुलं म्हणाली, जी दारात उभी होती" असं म्हणायला लागलो. बोलणं जरा लांबलं, पण भांडणं कमी झाली.

पर्यावरण मंडळ माझ्याकडे होतं. दरवर्षी पोस्टर, घोषणा आणि एक रोपटं, एवढाच कार्यक्रम. सर त्यात घुसले आणि म्हणाले, मोजल्याशिवाय रडायचं नाही. मग रुसैलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, बाभळींना अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मोजायला आम्ही बस भरून मुलं नेली. सगळी झाडं मोजायची नाहीत. पहिलं झाड फाशाने निवडायचं, आणि तिथून पुढे प्रत्येक दहावं झाड. मुलं वह्या घेऊन उन्हात पळत होती, मी टोप्या वाटत होते, आणि एवढ्यात एका मोजायच्या झाडाखाली एक बकरी आली. तिने मागचे पाय रोवले, मान वर केली आणि एक निळी पिशवी खाऊन टाकली.

एक मुलगी धावत आली. इंग्लिशमध्ये वाढलेली, मराठी बोलायची तर शब्द शोधत. "सर, गोटने... बकरीने ती खाल्ला. ती काउंट करायची की नाही?"

सर जागच्या जागी थिजले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मी देवळात आरतीच्या वेळी पाहिलंय. ह्या एका प्रश्नावर ते दोन दिवस जगले. पिशवी झाडावर होती, आता नाही, पण बकरीत आहे. मग बकऱ्या दर आठवड्याला किती खातात, म्हणजे आपला आकडा किती कमी भरतो? त्यांनी त्या मुलीला एक डबा हलवा दिला. आम्ही सगळ्यांनी घामाने निथळत मोजलं, आणि हलवा बकरी बघणारीला.

सरांचं एक वाक्य सगळ्या शाळेला पाठ होतं. आलेखावर सगळे ठिपके एका जागी घोळक्याने बसलेले असतात आणि एखादाच लांब, एकटा पडलेला असतो. मुलं तो खोडायला खोडरबर उचलत. सर त्यांचा हात धरत. "खोडू नकोस. आधी त्याच्या घरी जा, चहा घे, आणि विचार, बाबा रे, तू इथे का?"

आता सुनयना.

सुनयना कुडाळची. सातवी एफला गणित शिकवायची. नवरा रुसैलच्या कारखान्यात फिटर, पगार असा की त्याच्यावर बायको-मुलीला व्हिसा मिळत नव्हता. तो कंपनीच्या खोलीत सहा जणांबरोबर राहायचा. मग सुनयनाला आमच्या शाळेत नोकरी लागली, तिच्या व्हिसावर मुलगी आली, सीबमध्ये दोन खोल्या झाल्या, आणि लग्नानंतर आठ वर्षांनी तिघं पहिल्यांदा एका छपराखाली राहायला लागली. तिची नोकरी गेली असती तर मायलेकी पुन्हा कुडाळला आणि नवरा पुन्हा सहा जणांत. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. प्राचार्यांनाही ठाऊक होतं, पण त्यांच्यापुढे सहामाहीचा निकाल होता.

सातवीच्या सहा तुकड्या, ए पासून एफ पर्यंत. पाच तुकड्यांचे गुण जवळजवळ सारखे, आणि एफ खूपच खाली. पालकांनी गलका केला. प्राचार्या मूळच्या लखनौच्या, बोलायला मृदू, कागदावर कडक. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की हा फरक खरा आहे का, एवढं आकड्यात सांगा. मार्चअखेर करार नवे व्हायचे होते. ह्या आकड्याचं काय होणार, हे सांगायची गरज नव्हती.

सरांनी दोन दिवस गणित केलं आणि स्टाफरूममध्ये सुनयनासमोर येऊन उभे राहिले.

"फरक खरा आहे, बाई. नशिबाने इतका पडत नाही."

घाबरली की सुनयना थेट मालवणीत उतरायची. "मगे मी आता कुडाळाक जांव?"

मला सरांना बदडावंसं वाटलं. मी तसं म्हटलंही, जरा सभ्य शब्दांत. म्हटलं, थोडं गोल करून सांगता येतं, निदान एखादा दशांश तरी. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पाकीट मारायला सांगितलं होतं.

"वाफा कमी पिकला, एवढंच मी म्हटलं," ते म्हणाले. "माती, पाणी, बी, की राखणदार, हे अजून कोणी विचारलंच नाही. उद्यापासून मी त्याच्या घरी चहाला जातोय."

आणि गेले. मोकळे तास असतील तेव्हा सर सातवी एफच्या शेवटच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसायला लागले. पोरांना पहिल्या दिवशी मजा वाटली, दुसऱ्या दिवशी ती विसरली. सरांनी वहीत नोंदलं की सुनयना छान शिकवते, फळ्यावरचं अक्षर मोठं, प्रश्न सगळ्यांना विचारते. तिसऱ्या दिवशी झोपले.

हा माणूस दिवसा झोपत नसे. दुपारची झोप म्हणजे अर्धा दिवस नोंदवहीबाहेर फेकणं, असं म्हणायचे. विमानात झोपत नसत, पालकसभेत झोपत नसत, आमच्या वार्षिक समारंभातल्या सव्वा तासाच्या आभारप्रदर्शनात झोपले नव्हते. आणि इथे, समीकरणं ऐकत, ते घोरले. जागे झाले आणि आनंदाने ओरडत बाहेर आले. मी बेडूक अर्धवट सोडून धावले. ते माझे दोन्ही दंड धरून म्हणाले, "बाई, त्या खोलीत मला झोप लागली. मला! आजूबाजूला बघतो तर निम्मी पोरं डोळे ताणून बसलीत. शिकवण्यात खोट नाही हो, हवेत आहे!"

त्यांनी इमारत सांभाळणाऱ्या सालेमला गाठलं. सालेम ओमानी, वयस्क, किल्ल्यांचा जुडगा मिरवणारा. त्याने दारात उभं राहून हात पसरले. ही खोली म्हणजे मखजन, कोठार. विद्यार्थी वाढले तेव्हा इथल्या खुर्च्या बाहेर काढून इथे मुलं ठेवली. बाहेरची हवा आत यायला कुठूनच वाट नाही, धूळ येऊ नये म्हणून दारही बंद, आणि भिंतीवर एक एसी, जो आतलीच हवा गार करून परत आत सोडतो. बेचाळीस मुलं तीच ती हवा दिवसभर एकमेकांना उसनी देत होती.

आम्ही एका ओळखीच्या संशोधकाकडून कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र मागून आणलं. सर रोज पहाटे, मुलं यायच्या आधी आणि मग दर तासाला आकडा घ्यायचे. दुपारचा आकडा अपेक्षेप्रमाणे भयंकर. पण पहाटेचा? रिकाम्या, थंड, कुलूपबंद खोलीतही आकडा चढलेला. सर तीन दिवस जेवले नाहीत. रिकाम्या खोलीत श्वास कोण घेतंय? भिंती? फरशी? त्यांनी कपाटं रिकामी केली. मी पाल शोधली.

कोडं सालेमने सोडवलं. तो मला बाजूला घेऊन, दुसऱ्याच्या देवधर्माबद्दल बोलताना माणूस जितका अदबीने बोलेल तितक्या अदबीने म्हणाला, "मुदर्रिसा, उस्ताद रोज सकाळी दार लावून मशीनसमोर बसतात. डोळे मिटतात. आणि फूं, फूं, फूं करतात. तुमच्यात मशीनची पूजा असते का?"

सर दहा वाचनं घ्यायचे, एकेका मिनिटाच्या अंतराने. मधलं मिनिट वाया जाऊ नये म्हणून ते भस्त्रिका प्राणायाम करायचे. यंत्रापासून वीतभर अंतरावर.

मी हे सांगितलं तेव्हा सर पांढरे पडले. मग लाल झाले. मग सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि त्यांनी लेखी कळवलं की पहिल्या आठवड्याची पहाटेची सर्व नोंद त्यांच्या स्वतःच्या श्वासाने दूषित झाली असून ती रद्द समजावी. सुनयना मला म्हणाली, "ताई, हे माझ्या बाजूचे आहेत ना नक्की?" मलाही तीच शंका होती. प्राचार्यांनी तो कागद अलगद फाइलमध्ये ठेवला आणि गोड आवाजात विचारलं की, म्हणजे आता तुमच्या यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, असंच ना?

"ठेवू नका," सर म्हणाले. "यंत्रावर नको, माझ्यावर नको, सुनयनाबाईंवरही नको. मला सहा आठवडे द्या."

सहा तुकड्या, सहा खोल्या, सहा आठवडे. प्रत्येक तुकडी आपल्या शिक्षिकेसह दर आठवड्याला खोली बदलणार, आणि सहा आठवड्यांत प्रत्येक खोलीत एकदा बसून येणार. कोण कधी कुठे, हे चिठ्ठ्या काढून ठरणार. दर गुरुवारी सगळ्यांना एकच चाचणी. पेपरांवरची नावं कापलेली, म्हणजे तपासणाऱ्याला तुकडी कळू नये. असं केलं की खोलीचा दोष खोलीच्या पदरात पडतो आणि माणसाचा माणसाच्या. ह्या मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. सर ते शब्द असे उच्चारत, जणू एखाद्या मिठाईचं नाव. शेतावर ते हेच करत, फक्त ज्वारी उठून दुसऱ्या वाफ्यात जाऊन बसत नसे.

प्राचार्यांनी सही दिली. मला वाटतं, सातवी ए वर त्यांचा फार जीव होता आणि ए कुठेही बसली तरी ए च राहणार, अशी त्यांची खात्री होती.

ते सहा आठवडे शाळेत नुसता धुमाकूळ होता! रविवारी सकाळी सहा मिरवणुका निघायच्या, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, नकाशे, एक कासवाचं पेटीतलं घर. शुक्रवारी मी नाव कापलेले गठ्ठे तपासायचे, माझा नवरा स्वयंपाक करायचा. सर कुणाला काही सांगत नव्हते. सुनयना रोज त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि सर रोज छताकडे बघायचे. मध्येच कुणी विचारलं, एफ सुधारतेय का, तर म्हणायचे, "कणीस भरायच्या आधी सोलून बघू नये."

चौथ्या आठवड्यात सातवी ए सहा नंबरच्या खोलीत, म्हणजे त्या कोठारात, गेली. त्या गुरुवारी पेपर तपासताना एक गठ्ठा असा निघाला की, मला वाटलं मुलांनी पेपर उताणे होऊन लिहिलेत. नाव नव्हतंच. पण मी आपली मनात हसले.

मार्चच्या मध्याला सरांनी निकाल काढला. सहा नंबरच्या खोलीत जी तुकडी गेली ती त्या आठवड्यात घसरली, मग ती कुठलीही असो. खोलीचा वाटा बाजूला काढल्यावर एफ आणि बाकीच्यांत जो फरक उरला, तो नशिबाने सहज पडू शकेल एवढाच. सरांनी हे सुनयनाला सांगितलं नाही. म्हणाले, आधी सभेत. एकाला आधी सांगणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय.

सभा कुठे घ्यायची ह्यासाठीही सरांनी चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. सहा चिठ्ठ्या, एक ते सहा खोल्या. त्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी सहाही चिठ्ठ्यांवर "सहा" लिहिलं. मला पश्चात्ताप नाही. उरलेल्या पाच चिठ्ठ्या सभेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एका पाकिटात आल्या. प्रत्येकीवर लाल पेनाने फुली, आणि खाली सरांच्या अक्षरात: "पाचपैकी शून्य. बाई, हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं." त्यानंतर ते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. फक्त कार्बन डायऑक्साइडचं यंत्र परत नेताना म्हणाले की, सभेच्या आकड्यांना ते निष्कर्षात धरणार नाहीत, कारण खोलीची निवड भ्रष्ट होती.

आणि सुनयनाचा करार झाला, हेही आताच सांगून टाकते, म्हणजे मग मला मधे थांबायला नको. सभेनंतरच्या रविवारी प्राचार्यांनी स्वतः सही केली, सहा नंबरच्या खोलीत पुन्हा खुर्च्या भरल्या, आणि सालेमने कुलूप लावताना "खलास" असं इतक्या समाधानाने म्हटलं की जणू त्याने स्वतःच लॅटिन चौरस काढला असावा.

पण ती सभा. त्या दिवशी बाहेर धुळीचा वारा सुटलेला, म्हणून दार घट्ट लावलेलं. आत आम्ही शिक्षक, पालकांचे प्रतिनिधी, पुढच्या खुर्चीत प्राचार्या, मिळून चाळीसेक माणसं. एसी गारठा फेकत होता. सरांनी चाळीस मिनिटं मागितली होती, त्यांना दीड तास लागला, कारण लॅटिन चौरस त्यांनी रंगीत फरश्यांच्या तुकड्यांनी मांडून दाखवला, आणि मांडून झाल्यावर आनंदाच्या भरात पुन्हा एकदा मांडला. भिंतीवरच्या यंत्रातला आकडा चढताना मी बघत होते. आधी एक पालक खाली वाकले, मग भूगोलाच्या बाई. मग सुनयनाच्या शेजारचे दोघं. सुनयना मात्र ताठ बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून. ह्या हवेची तिला सवय होती.

सर निष्कर्षाच्या पानावर आले. सुनयनाचं नाव त्याच पानावर होतं. आणि नेमकी त्याच वेळी प्राचार्यांची मान एका बाजूला झुकली, चष्मा नाकाच्या टोकावर आला.

सर थांबले. झोपलेल्या बाईंना उठवणं त्यांना असभ्य वाटलं असावं. त्यांनी आवाज खाली आणला आणि तो सगळा निष्कर्ष, खोलीचा दोष, शिक्षिकेचा नाही, उरलेला फरक नगण्य, सगळा, कुजबुजत वाचला. आम्ही जागे असलेले लोक पुढे वाकून ऐकत होतो. शेवटच्या ओळीला सुनयनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि सर गप्प झाले. इतकी शांतता झाली की त्या शांततेनेच प्राचार्या दचकून जाग्या झाल्या. त्यांनी चष्मा वर केला, समोरचा अहवाल उचलला, त्याने वारा घेत इकडेतिकडे पाहिलं आणि कासावीस होऊन म्हणाल्या, "अरे भई, कोई खिड़की तो खोलो!"

सहा महिने खाली मान घालून वावरलेली सुनयना उभी राहिली, आणि तिच्या तोंडून आपोआप, मोठ्याने निघून गेलं:

"मॅडम, हंय खिडकी आसाच खंय!"